नोट आडव्या उजेडात धरा : नोटा जमवणं आणि त्यांची प्रत ठरवणं

खिशातली कुठलीही कागदी नोट काढा. खोलीतला मोठा दिवा बंद करा, टेबलावर गडद कापड पसरा, त्यावर नोट ठेवा आणि मोबाइलची बॅटरी टेबलाला जवळजवळ टेकवून तिचा झोत नोटेवरून आडवा जाऊ द्या. आत्तापर्यंत सपाट वाटणारी नोट नांगरलेल्या शेतासारखी दिसायला लागेल. मधोमध एक उभी घडी, तिच्या दोन्ही बाजूंना पाकिटात बसवताना पडलेल्या आणखी दोन, एका कोपऱ्यावर गड्डी मोजताना कुणाच्या तरी अंगठ्यानं आलेला बाक. वरून उजेड पडत होता तेव्हा यातलं निम्मंही दिसत नव्हतं.

नव्या संग्राहकाचे सुरुवातीचे पैसे वाया जातात ते याच न दिसलेल्या घड्यांपायी. म्हणून इथला क्रम जरा उलटा ठेवलाय. आधी पाहायला शिकायचं, मग प्रत, म्हणजे नोट किती चांगल्या अवस्थेत आहे ते, ठरवायला, आणि खरेदी त्यानंतर. नोट ‘सुधारायला’ मात्र कधीच शिकायचं नाही. हे शेवटचं मी एक नोट वाया घालवून शिकलो. ते पुढे सांगतो.

नजर तयार करणं

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, मिलिमीटरच्या खुणा असलेली पारदर्शक पट्टी, आणि जमलं तर अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी. तिकिटं जमवणारे वापरतात तो चिमटा नोटेला नको. मोठा कागद एका टोकाला धरून उचलला की तिथंच दबतो. पांढरे सुती हातमोजेही मी वापरत नाही. त्यांत बोटांना कागद नीट कळत नाही आणि कोपरा दुमडला तरी पत्ता लागत नाही. साबणानं धुतलेले, पूर्ण कोरडे हात बरे. नोट कडांनी धरायची, तोंडासमोर धरून बोलायचं नाही, आणि आजूबाजूला चहाचा कप नको.

आता तपासणी. मी दर वेळी एकाच क्रमानं करतो, म्हणजे काही सुटत नाही.

पहिला आडवा उजेड, दोन्ही बाजूंनी आणि नोट फिरवून. झोत घडीला समांतर पडला तर घडी लपते, म्हणून एकदा लांबीकडून आणि एकदा रुंदीकडून टॉर्च धरावी. इथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. बाक म्हणजे कागद नुसता वाकला होता. एका कोनातून सावली दिसते, दुसऱ्या कोनातून गायब होते. घडी म्हणजे रेघ पक्की बसली आहे, पण वरची शाई शाबूत आहे. आणि मोड म्हणजे घडी इतकी दाबली गेली की कागदाचा पृष्ठभाग तुटला. भिंगातून पाहिलं तर शाईत बारीक पांढरी भेग दिसते. या तिघांतला फरक शब्दांत वाचून कळत नाही, पंचवीस-तीस नोटा पाहिल्या की आपोआप कळतो. त्या पंचवीस नोटा विकत घ्यायला नकोत, रोजच्या वापरातल्या चालतात.

दुसरा आरपार उजेड. नोट खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर धरा. टाचणीची भोकं, स्टेपलची भोकं, विरलेली जागा, मागून चिकटवून बुजवलेली फाट, सगळं इथे दिसतं. जलचिन्हही इथेच तपासायचं. खरं जलचिन्ह कागद बनतानाच त्याच्या कमीजास्त जाडीतून उमटतं; त्यामुळे ते आरपार उजेडात उजळ आणि गडद अशा छटांनी भरतं आणि नोट टेबलावर ठेवली की जवळजवळ नाहीसं होतं. नोट टेबलावर पडलेली असतानाही करड्या शाईतला चेहरा स्वच्छ दिसत असेल, तर तो वरून छापलाय.

तिसरं भिंग. कडा, कोपरे आणि शाई. पुष्कळ नोटांवर मुख्य चित्र आणि अक्षरं उठावाच्या छपाईची असतात. धातूच्या कोरलेल्या पत्र्यात शाई भरून कागद प्रचंड दाबानं त्यावर दाबला जातो, म्हणून शाई हाताला खरखरीत लागते आणि मागच्या बाजूनं तो भाग किंचित खोलगट दिसतो. कोऱ्या नोटेवर चित्राच्या आसपास कागदाला हलकी लाट असते. नवखे लोक तिला दोष समजतात, आणि खरं तर ती बघून खूश व्हायला हवं, कारण नोट कुणी दाबून सपाट केली असेल तर सगळ्यात आधी हीच लाट जाते.

चौथा अतिनील प्रकाश. नोटेचा कागद मुख्यतः कापसाच्या तंतूंचा असतो आणि त्यात साध्या कागदासारखी चमक आणणारी द्रव्यं घालत नाहीत, म्हणून अतिनील उजेडात तो मंद, काळपट राहतो. नव्या नोटांत काही तंतू, आकडे किंवा पट्टे मुद्दाम चमकतात, ती गोष्ट वेगळी. पण अख्खा कागदच निळसर पांढरा उजळला तर दोन शक्यता: एकतर कागद नोटेचा नाही, किंवा नोट कपडे धुण्याच्या पावडरीतून जाऊन आली आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते आणि ‘एकदम स्वच्छ जुनी नोट’ म्हणून दाखवलेल्या कित्येक नोटांचं बिंग फोडते.

शेवटी पट्टी. नोटेचं मूळ माप संग्राहकांच्या सूचीत (कॅटलॉगमध्ये) दिलेलं असतं. झिजलेल्या, मऊ कडा कापून सरळ केल्या की कोपरे टोकदार दिसतात, पण माप दोन-तीन मिलिमीटरनं भरत नाही आणि समास एका बाजूला अरुंद होतो. जुन्या, हातानं कापलेल्या नोटांत थोडा फरक मुळातच असतो, तिथे सरसकट संशय घेऊ नये.

एक सवय मात्र सोडा. नोट कानाजवळ फटकारून तिचा करकर आवाज ऐकायचा आणि ‘कोरी आहे’ म्हणायचं. कोरी असेल तर त्या फटक्यानं राहत नाही.

प्रतीची शिडी

नोटांच्या प्रतींची नावं जगभर साधारण सारखीच आहेत. १९६१ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बँक नोट सोसायटीनं त्यांच्या व्याख्या करून ठेवल्यात, आणि संग्राहक त्या इंग्रजी आद्याक्षरांनीच बोलतात: यूएनसी (अनसर्क्युलेटेड), एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड), ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन), व्हीएफ (व्हेरी फाइन), एफ (फाइन), व्हीजी (व्हेरी गुड), जी (गुड), मग फेअर आणि पुअर. काही जण ईएफला एक्सएफ म्हणतात, दोन्ही एकच.

खरी भांडणं वरच्या तीन पायऱ्यांवर होतात, म्हणून तिथेच वेळ घालवू.

यूएनसी म्हणजे जिला कुणीच बिघडवलेलं नाही. ग्राहकानं नाही, बँकेच्या रोखपालानं नाही, आणि संग्राहकानंही नाही. ‘वापरात आली नव्हती’ एवढं पुरत नाही. गड्डीतून कोरी आलेली नोट कुणी मधोमध दुमडून खिशात घातली आणि घरी येऊन जपून ठेवली, तर ती बाजारात कधीच फिरली नाही हे खरं, पण यूएनसी ती उरली नाही. कोपरे चौकोनी आणि टोकदार हवेत, कागद ताठ हवा, रंग फिका नको.

एयूला एक सवलत आहे. कोपऱ्यावर मोजणीचा हलका बाक चालतो, किंवा मधोमध एक हलकी घडी चालते. दोन्ही एकत्र नाही. आणि मोड तर मुळीच नाही. विक्रेते या पायरीवर सगळ्यात जास्त उदार होतात, कारण समोरून काढलेल्या फोटोत हलकी घडी दिसतच नाही.

ईएफमध्ये जास्तीत जास्त तीन हलक्या घड्या, किंवा एक पक्की मोड. कागद अजून स्वच्छ आणि ताठ, कोपरे किंचित बोथट झाले तर चालतात. एयू आणि ईएफमधला फरक हा नुसता घड्या मोजण्याचा आहे, आणि घड्या मोजायला आडवा उजेड लागतो. सुरुवातीचा सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

त्याखाली मोजदाद कमी आणि अंदाज जास्त. व्हीएफ नोट वापरलेली दिसते, उभ्या-आडव्या घड्या असतात, थोडा मळ असतो, पण हातात धरल्यावर अजून जीव जाणवतो. एफ म्हणजे बरीच फिरलेली. सुरकुत्या पुष्कळ, करकर गेलेली, समासात बारीक फाटी, पण त्या नक्षीपर्यंत पोचलेल्या नाहीत आणि मधोमध भोक नाही. व्हीजीला मधलं भोक, डाग, टाचणीचे घाव सगळं माफ, फक्त तुकडा गेलेला नको. जी त्याहून जीर्ण. फेअर लिबलिबीत, मळकट, तुकडे गेलेली. आणि पुअर म्हणजे चिंधी, जी फक्त दुसरी मिळतच नाही म्हणून ठेवायची.

एक नोट प्रत्यक्ष पाहू. जर्मनीची १९ जानेवारी १९२२ तारखेची १०,००० मार्कांची नोट माझ्याकडे आहे. तिच्यावर आल्ब्रेख्त ड्यूररच्या चित्रावरून घेतलेला एका तरुणाचा चेहरा आहे. नोट उभी धरली की त्याच्या गळ्याला झोंबलेलं एक रक्तपिपासू भूत दिसतं असं लोक म्हणत आले, म्हणून तिला ‘व्हॅम्पायर नोट’ असंच नाव पडलंय. मुद्दाम काढलेलं असो वा योगायोग, एकदा दिसलं की पुढच्या वेळी तेच आधी दिसतं. महागाईच्या काळातली असल्यानं ती भरपूर छापली गेली आणि अजून सहज मिळते, त्यामुळे शिकायला उत्तम.

विकणाऱ्यानं पाकिटावर ईएफ लिहिलं होतं आणि मीही तेच मानलं. काही दिवसांनी टॉर्च आडवी धरली. मधोमध उभी घडी, ती अपेक्षितच. तळहाताबाहेर जाणारी एवढी मोठी नोट न दुमडता कोण नेणार? तिच्या डावीकडे आणखी एक उभी घडी. मग झोत दुसऱ्या बाजूनं सोडला तर एक आडवी घडी, दोन्ही उभ्या घड्यांना छेदणारी. इथपर्यंत झाल्या तीन, म्हणजे ईएफची मर्यादा संपली. भिंग लावलं. जिथे मधली उभी घडी आडवीला छेदते तिथली शाई टाचणीच्या टोकाएवढी उडालेली होती, म्हणजे त्यातली एक तरी घडी नसून मोड होती. खालच्या समासात दोनएक मिलिमीटरची फाट होती. एकेक दोष किरकोळ, पण सगळे मिळून ईएफ होत नाही. मी व्हीएफ लिहिलं.

हे करताना एक नियम पाळावा. नोट जुनी आहे, दुर्मीळ आहे, सुंदर आहे म्हणून प्रत वर जात नाही. ‘शंभर वर्षांची असून किती छान आहे’ हे कौतुक म्हणून ठीक. प्रतीला वयाची सूट मिळत नाही.

याशिवाय आकड्यांची शिडी आहे, १ ते ७० ची. तिचं मूळ नाण्यांत आहे. विल्यम शेल्डन यानं १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी ती मांडली, आणि नंतर नोटांनाही लावली गेली. पैसे घेऊन प्रत ठरवून देणाऱ्या संस्था, उदाहरणार्थ २००५ साली सुरू झालेली पीएमजी (पेपर मनी गॅरंटी), हेच आकडे वापरतात. ६० आणि त्यावर कोरी, पन्नाशीत एयू, चाळिशीत ईएफ, २० ते ३५ व्हीएफ, १२ आणि १५ एफ, आणि त्याखाली उतरत्या प्रती. साठीच्या वर गेल्यावर घड्यांचा प्रश्न संपतो आणि समास किती समान, छपाई किती मधोमध, रंग किती ताजा याची चर्चा सुरू होते. पीएमजीच्या लेबलवर ‘ईपीक्यू’ (एक्सेप्शनल पेपर क्वालिटी) अक्षरं असली तर कागदाची मूळ घडण अबाधित आहे, धुतलेला-दाबलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते दोन कोऱ्या नोटांत हे शेपूट आकड्याइतकंच पाहण्यासारखं आहे.

पॉलिमर नोटांचं गणित थोडं निराळं. ऑस्ट्रेलियानं १९८८ साली १० डॉलरची पहिली पॉलिमर नोट काढली, त्यानंतर अनेक देश तिकडे वळले. हे प्लास्टिक मळत नाही, लिबलिबीत होत नाही, पण दाबून घातलेली घडी त्यात कायम राहते आणि त्या रेघेवरची शाई उडते. कागदी नोट हातात घेऊन ‘जीव’ पाहतो तसं इथे करता येत नाही. घडी आणि शाई, एवढंच पाहायचं.

काय जमवायचं

बहुतेकांची सुरुवात ‘प्रत्येक देशाची एक नोट’ अशी होते. वाईट नाही, भूगोल पक्का होतो. पण वर्षभरात हाताशी कोऱ्या, स्वस्त, चालू नोटांचा गठ्ठा जमतो आणि पुढे काय ते सुचत नाही. कोऱ्या नोटांवर प्रतवारी शिकताही येत नाही, कारण पाहायला दोषच नसतात. म्हणून विषय लवकर अरुंद करावा.

महागाईच्या नोटा हा नवख्यांसाठी माझा आवडता विषय आहे, कारण त्यांत गोष्ट मोठी आणि खर्च बहुधा लहान असतो. झिम्बाब्वेची १०० ट्रिलियन डॉलरची नोट, एकावर चौदा शून्यं, एकमेकांवर तोललेल्या खडकांचं चित्र. युगोस्लाव्हियाची १९९३ ची ५०० अब्ज दिनारांची नोट, तिच्यावर कवी योव्हान योव्हानोविच झ्माय. आणि हंगेरीची १९४६ ची ‘दहा कोटी बी-पेंगो’. यातल्या ‘बी’चा अर्थ एकावर बारा शून्यं, म्हणजे एकूण वीस शून्यांची रक्कम, आणि गंमत अशी की नोटेवर ती शून्यं नाहीतच, रक्कम अक्षरांत आहे. प्रत्यक्ष चलनात आलेली ही सर्वांत मोठ्या रकमेची नोट.

जर्मनीतलं नोटगेल्ड हा आणखी एक खजिना. पहिल्या महायुद्धापासून १९२०च्या दशकातल्या महागाईपर्यंत नाण्यांची आणि रोखीची चणचण इतकी होती की गावोगावच्या नगरपालिका आणि कारखाने स्वतःचं तात्पुरतं चलन छापत होते. बीलेफेल्ड गावानं तर रेशमावरही छापलं. पुढे पुढे ते संग्राहकांना विकण्यासाठीच रंगीबेरंगी छापायला लागले, म्हणजे आपल्यासारख्यांचा धंदा शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी ओळखला होता.

एकच नोट वेगवेगळ्या सह्यांसह जमवणं हा शांत, चिकाटीचा प्रकार. नक्षी तीच, पण गव्हर्नर बदलला की सही बदलते, आणि अल्पकाळ टिकलेल्या गव्हर्नरची सही शोधता शोधता वर्षं जातात. पक्षी, जहाजं, पूल असे चित्रविषय लहान मुलांना बरोबर घ्यायला चांगले. नमुना नोटा वेगळ्या. त्यांवर ‘स्पेसिमेन’ किंवा त्या त्या भाषेतला शब्द आडवा छापलेला असतो, जर्मनवर ‘मुस्टर’, स्पॅनिशवर ‘मुएस्त्रा’, आणि क्रमांकाच्या जागी बहुधा शून्यं.

मजेशीर क्रमांकांच्या नोटांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. सगळे आकडे सारखे, चढत्या क्रमाचे, उलट वाचले तरी तेच, असे क्रमांक पाहायला मजा येते हे कबूल. पण तिथे किंमत नोटेची नसून हौसेची असते, आणि विकायला गेलात तर तेवढीच हौस असलेला दुसरा माणूस शोधावा लागतो. छपाईच्या चुकांच्या नोटांत तर आणखी जपावं. क्रमांक रसायनानं पुसून ‘क्रमांक छापायचा राहिला’ म्हणून विकणारे आहेत. अशा नोटेवर त्या जागी आडवा उजेड टाका. कागद खडबडीत झालेला दिसेल, आणि अतिनील उजेडात डागही उमटू शकतो.

खरेदीच्या आधी

नोटेचा पत्ता माहीत हवा. जगभरच्या नोटांना अल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाच्या सूचीतले क्रमांक लावतात. झिम्बाब्वेची ती १०० ट्रिलियन म्हणजे पी-९१. मागे लागलेलं लहान अक्षर सहीचा किंवा सालाचा फरक दाखवतं, ‘एस’ बहुधा नमुना. दोन नोटा डोळ्यांना सारख्या दिसल्या तरी अक्षर वेगळं असेल तर दुर्मीळपणात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. न्यूमिस्टा ही खुली ऑनलाइन सूची माप, साल आणि चित्रं पाहायला पुरते.

मग विक्रेत्याची भाषा. ‘जवळपास यूएनसी’ म्हणजे यूएनसी नाही. ‘व्हीएफ ते ईएफ’ म्हणजे व्हीएफ. ‘वयाच्या मानानं उत्तम’ म्हणजे प्रत लिहायची नाहीये. फोटो दोन्ही बाजूंचा मागा, पाकिटाबाहेर काढलेला मागा, आणि आडव्या उजेडातला एक मागा. तिसरा फोटो पाठवायला कां-कूं करणाऱ्याकडून मी घेत नाही. स्कॅनरवर काढलेलं चित्र फार देखणं येतं, कारण नोट काचेवर दाबली जाते आणि उजेड सगळीकडून सारखा पडतो. हलक्या घड्या त्यात पार गायब होतात.

बंद पाकिटातली, संस्थेनं प्रत दिलेली नोट असेल तर लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळवा. नोटेचा क्रमांक, घड्या, समास, सगळं. पाकिटंही नकली निघतात. आणि स्वस्तातल्या नोटा प्रत ठरवायला पाठवू नका. पाठवण्याचा खर्चच नोटेपेक्षा जास्त होतो.

देशोदेशी जुन्या वस्तू बाहेर नेण्याचे, रद्द नोटा बाळगण्याचे आणि नोटांचे फोटो छापण्याचे नियम वेगवेगळे आहेत. परदेशातून मागवायच्या आधी दोन्हीकडचे नियम वाचावेत.

जी नोट मी इस्त्री केली

सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडे एक ईएफ नोट होती, मधोमध एकच ठळक मोड, बाकी चांगली. एवढी एक रेघ गेली तर एयू होईल, असा हिशेब केला. वर-खाली कोरा कागद ठेवला, इस्त्री मंद ठेवली, पाण्याचा हलका शिडकावा दिला. उघडून पाहिलं तर नोट खरंच सपाट होती. आडवा उजेड मात्र काही लपवत नाही. घडीची सावली गेली, पण तुटलेल्या शाईची पांढरी रेघ आता जास्तच उठून दिसत होती. चित्राचा उठाव गेला, मागची बाजू गुळगुळीत झाली, कागदाला मेणचट चकाकी आली. आधी ती मोड असलेली प्रामाणिक ईएफ होती. आता दाबलेली नोट झाली, आणि दाबलेली नोट जाणकार आधीच्यापेक्षाही खालची धरतो.

हेच बाकी उपचारांचं. धुतलं की रंग उतरतो, कागद मऊ पडतो. खोडरबरानं मळाबरोबर शाईही जाते. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, आणि ती काढायला गेलं तर वरचा थर सोबत येतो. पॉलिमरला इस्त्री लावली तर ती आकसते. लॅमिनेशन केलेली नोट तर गेलीच समजा. फाटलेली नोट फाटलेलीच ठेवा, आधार देणाऱ्या पाकिटात.

ठेवायची कुठे

पाकीट कशाचं आहे ते विचारा. पीव्हीसीचं मऊ, वास येणारं, चकचकीत प्लास्टिक स्वस्तात मिळतं आणि नोटांचा सगळ्यात मोठा शत्रू तेच. त्यात मऊपणासाठी घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात, नोट चिकट होते, शाई प्लास्टिकला लागते. मायलार किंवा मेलिनेक्स या नावांनी मिळणारं पॉलिएस्टर सर्वांत चांगलं; पॉलिप्रॉपिलीनही चालतं. माप पाहूनच घ्या, कारण नोटा काही एका साच्यातल्या नसतात. चीनच्या मिंग काळातली एक क्वानची नोट सुमारे ३४ सेंमी उंच आणि २२ सेंमी रुंद, आणि रुमानियाची १९१७ची १० बानीची नोट लांबीला ४ सेंमीसुद्धा नाही. पाकीट घट्ट असेल तर नोट घालता-काढतानाच कोपरे जातात.

अल्बम उभा ठेवा, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको. हवेत ओल ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास बरी. जास्त झाली तर तपकिरी ठिपके आणि बुरशी, फार कमी झाली तर कागद ठिसूळ. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या वेळोवेळी बदलाव्याही लागतात, हे लोक विसरतात. कसर कागदावर आणि डिंकावर येते, म्हणून कपाट दोन-तीन महिन्यांनी रिकामं करून पुसा. रबर बँड आणि यू-पिना नोटांच्या जवळपासही नकोत. भिंतीवर चौकट करून लावायची असेल तर छापील प्रतिमा लावा, तीही आपल्या देशाचा कायदा पाहून. उन्हानं गेलेला रंग परत येत नाही.

नोंद

प्रत्येक नोटेची एक ओळ: देश, रक्कम, साल, सही, सूचीतला क्रमांक, नोटेचा क्रमांक, कधी आणि कुणाकडून घेतली, विक्रेत्याची प्रत, माझी प्रत आणि ती तशी का. ‘का’ महत्त्वाचं. नुसतं व्हीएफ लिहिलेलं वर्षभरानं काही सांगत नाही. ‘तीन घड्या, एक मोड, खाली २ मिमी फाट’ हे सांगतं. चिठ्ठी पाकिटावर लावायची असेल तर आधी लिहा, मग नोट आत घाला. आत नोट असताना वरून पेन दाबलं की अक्षरं नोटेवर उमटतात.

पहिल्या दहा नोटांची प्रत लिहून झाली की चिठ्ठ्या बाजूला ठेवा आणि महिनाभरानं त्याच नोटा न बघितल्यासारख्या पुन्हा तपासा. सुरुवातीला बहुतेकांची दुसरी प्रत पहिलीपेक्षा खाली येते. माझ्या त्या ड्यूररच्या नोटेच्या चिठ्ठीवर आता तीन तारखा आहेत. पहिल्या तारखेपुढे ईएफ, दुसरीपुढे व्हीएफ, आणि तिसरीपुढे ‘व्हीएफ, अगदी खालच्या टोकाला’, कारण आधीच्या दोन्ही वेळी मी तिला खिडकीसमोर धरायला विसरलो होतो आणि तरुणाच्या टोपीजवळ टाचणीचं एक भोक होतं.